फ्लॉपीत मावेल तेवढंच

माझ्या हातात आज पेनड्राइव्ह आहे, पण सुरुवात फ्लॉपीपासून करतो, कारण बूट डिस्क, म्हणजे संगणक जिच्यावरून सुरू होतो ती डिस्क, बांधायला मी फ्लॉपीवर शिकलो. तिच्यावर '१.४४ एमबी' असं छापलेलं असायचं. तो आकडा म्हणजे एक गंमतच. ८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, दोन बाजू, ट्रॅकमागे १८ सेक्टर म्हणजे तुकडे, सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा, १४,७४,५६० बाइट येतात. म्हणजे १०२४ च्या हिशेबाने १४४० किलोबाइट. पुढे मात्र १००० ने भागून मोकळे झाले. धड हा हिशेब नाही, धड तो नाही.

एवढ्याशा जागेत लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, आपल्या आज्ञा घेणारं शेल आणि डिस्क दुरुस्तीची हत्यारं बसवायची. काही पठ्ठे फ्लॉपीलाच ताणायचे. टॉम्सआरटीबीटी नावाची एका फ्लॉपीतली लिनक्स होती, ती ८२ ट्रॅक आणि २१ सेक्टर पाडून १७२२ किलोबाइट काढायची. फ्लॉपी स्वस्तातली असली की शेवटच्या ट्रॅकवर ड्राइव्ह असा काही खरखरायचा, की आम्हीच श्वास रोखून बसायचो.

जागा वाचवायची खरी युक्ती बिझीबॉक्सची. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका फ्लॉपीसाठी लिहायला घेतला. आपल्याकडे दारावर बहुरूपी यायचा, आज पोलीस, उद्या पोस्टमन, माणूस तोच. तसा हा एकच प्रोग्रॅम. फाइलींची यादी दाखवणारा एलएस, कॉपी करणारा सीपी, डिस्क जोडणारा माउंट, ही सगळी त्याचीच नावं. कुठल्या नावाने हाक आली ते तो बघतो आणि त्या सोंगात उभा राहतो. सगळ्यांना लागणारा सामाईक कोड एकदाच साठवला जातो.

मी मात्र पहिली डिस्क बिझीबॉक्सशिवाय बांधली. हौस! एका डिरेक्टरीत बॅश हे शेल कॉपी केलं आणि सीएचरूट करून, म्हणजे तीच डिरेक्टरी मूळ डिस्क मानून, आत शिरायला गेलो. उत्तर आलं, अशी फाइल नाही. बाहेरून एलएस केलं, तर फाइल समोर! परवानग्या ठीक, आकार बरोबर. रात्रभर डोकं खाल्लं. सकाळी कळलं, हरवला होता लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सामाईक कोडच्या फाइली, जोडून देणारा. प्रोग्रॅमच्या फाइलच्या पोटात त्याच्या लोडरचा पत्ता लिहिलेला असतो. कर्नल त्या पत्त्यावर गेला, तिथे कोणी नाही, म्हणून परत आला. पण निरोप देताना कोण सापडलं नाही तेवढंच सांगायचं राहिलं. तेव्हापासून कुठलीही फाइल उचलली की आधी एलडीडी, म्हणजे तिला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारी आज्ञा.

आता कोणी विचारेल, एलडीडी दाखवेल ते सगळं घेतलं की झालं? नाही हो. त्या काळच्या जीलिबसीत, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीत, वापरकर्त्यांच्या नावांची उकल करणारी एक लायब्ररी वेगळी होती, एनएसएस फाइल्स. ती प्रोग्रॅम चालू असताना आयत्या वेळी ओढली जायची, त्यामुळे एलडीडीच्या यादीत तिचं नावच नसे. माझी डिस्क सुरू झाली, लॉगिन आलं, मुख्य वापरकर्त्याचं 'रूट' हे नाव टाइप केलं, पासवर्ड बरोबर दिला, तरी चूक! लॉगिन काढून थेट शेल उघडलं. एलएसला लांब यादी मागितली, तर मालकाच्या जागी 'रूट' ऐवजी नुसतं शून्य. पासवर्डची फाइल जागेवर होती, ती वाचणाराच घरी राहिला होता.

फ्लॉपी गेली, पण हा खेळ संपलेला नाही. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स सुरू होताना बहुतेक वेळा आधी इनिटरॅमएफएस उघडतं. म्हणजे सीपीआयओ या फाइली एकत्र करणाऱ्या हत्याराने बांधलेलं, दाबून बारीक केलेलं गाठोडं. ते मेमरीत सुटतं, त्यातला 'इनिट' हा पहिला प्रोग्रॅम चालतो, खऱ्या डिस्कचे ड्रायव्हर लोड करतो, ती माउंट करतो आणि कारभार तिच्याकडे सोपवतो. आपण ते गाठोडं आज हाताने बांधलंय. आत एक बिझीबॉक्स, सगळ्या लायब्रऱ्या पोटात घेऊन स्टॅटिक बांधलेला, आणि आठ ओळींचा इनिट.

थांबा, डीडी मारण्याआधी, म्हणजे हे पेनड्राइव्हवर लिहिण्याआधी, एलएसबीएलकेमध्ये, म्हणजे जोडलेल्या ड्राइव्हच्या यादीत, त्याचं नाव बघू द्या. एकदा चुकून चालत्या डिस्कवर मारलंय मी, ते कशाला सांगू. हं, एसडीबी, हाच. लिहून झालं. मागच्यांना पडदा दिसतोय? करतो रीस्टार्ट.