परक्या पोरांचं गाव

(पडद्यावर : पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या रांगा. कॅमेरा हळूहळू वर जातो. गाड्यांच्या मधोमध हिरवळीचा एक तुकडा.)

हे प्राणिसंग्रहालयाचं पार्किंग. अमेरिकेतलं नेब्रास्का राज्य, त्यातलं ओमाहा शहर, शहराच्या दक्षिणेची ही टेकडी. आईवडील डिकीतून बाबागाड्या काढतायत, पोरांना आत जायची घाई झालीय. आणि या सगळ्या गाड्यांच्या गर्दीत बेसबॉलचं हे एवढंसं मैदान.

जमिनीत बसवलेली ती पांढरी पाचकोनी पाटी बघा. तिला होमप्लेट म्हणतात. बॅटर तिच्याशेजारी उभा राहतो, चेंडू मारतो, मैदानाच्या बाकीच्या तीन कोपऱ्यांवरच्या बेसना, म्हणजे ठाण्यांना, पाय लावत पळतो आणि परत इथंच येतो, तेव्हा त्याची एक धाव होते. जिथून निघालो तिथं पोचायचं, एवढाच हा खेळ.

1950 ते 2010. ओळीने एकसष्ट उन्हाळे अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचा राष्ट्रीय विजेता या जागेवर ठरला. इथं रोझेनब्लॅट स्टेडियम होतं. वीस हजारांवर माणसं बसायची. स्टेडियम पाडलं, खुर्च्या विकल्या, डांबर ओतलं; पण होमप्लेटची जागा राखली. जिथं होती तिथंच.

(पडद्यावर : सकाळ. नवं स्टेडियम. दारासमोर ब्राँझचे चार खेळाडू, एकाला बाकीच्यांनी उचलून धरलंय.)

आता स्पर्धा इथं होते, नदीच्या बाजूला, शहराच्या मध्यवस्तीत. चोवीस हजार खुर्च्यांचं हे स्टेडियम 2011 साली सुरू झालं. दाराशी उभं असलेलं हे शिल्प जॉन लायबा या ओमाहाच्याच शिल्पकाराचं. नाव ‘द रोड टु ओमाहा’. ओमाहाची वाट. 1999 साली, इथल्या पन्नासाव्या स्पर्धेच्या वेळी ते बसवलं, आणि जुनं स्टेडियम बंद झालं तेव्हा इकडे आणलं. येणारा प्रत्येक संघ आधी इथं थांबून फोटो काढतो. खेळाडूंच्या गुडघ्यांना, बुटांना हात लावतो. लावून लावून कुठं ब्राँझ उजळलंय, ते जवळून बघा.

स्पर्धेचं नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज. पण अमेरिकेतल्या कुठल्याही कॉलेजच्या खेळाडूला विचारा, तो ते नाव घेणार नाही. तो म्हणेल, ‘ओमाहा’. सप्टेंबरात सराव सुरू होतो तेव्हा गोल करून उभी राहिलेली पोरं हात एकावर एक ठेवतात आणि ओरडतात, ‘ओमाहा!’ गावाचं नावच स्पर्धेचं नाव होऊन बसलंय.

(पडद्यावर : रिकामं मैदान. होज पाइपने पाणी मारणारी माणसं. पाण्याचा आवाज.)

पण सामन्याआधी ही माणसं. आपल्याकडे मैदानावर माळी असतात ना, ती ही. सकाळी सामना बघायला कुणीही नसतं, तेव्हा यांचं काम सुरू होतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यात जास्त वेळ कॅमेरा यांच्यावरच लावून बसलो.

मधोमधचा तो उंचवटा म्हणजे माउंड. आजूबाजूच्या मातीपेक्षा दहा इंच उंच. त्यावरची ती पांढरी रबरी पट्टी होमप्लेटपासून बरोबर साठ फूट सहा इंचांवर. पिचर त्या पट्टीला पाय टेकवून चेंडू फेकतो आणि पुढचा पाय जोरात आपटतो. ताशी नव्वद मैलांचा चेंडू फेकायचा तर सगळं अंग त्या एका पायावर येतं. शंभर-सव्वाशे चेंडूंनंतर तिथं खड्डा पडतो. वाटीएवढा, मग पातेल्याएवढा.

आता बघा ते काय करतात. आधी सुटी माती खरवडून काढतात. खड्ड्याला ओल देतात. फार ओली झाली तर नवी माती बसत नाही, कोरडी राहिली तर धरत नाही. मग चिकणमातीचे गोळे भरतात, आणि धुमसाने चोपतात. सारवायच्या आधी जमीन चोपायचे, तस्सं. धप, धप, धप. पुन्हा थोडं पाणी. पुन्हा माती. हाताने चाचपतात, बुटाच्या टाचेने दाबून बघतात. टाच रुतली की पुन्हा पहिल्यापासून.

(निवेदन थांबतं. फक्त धुमसाचा आवाज.)

मग बेसमधली लाल माती. तिच्यावरून लोखंडी जाळी ओढत गोल गोल फिरायचं, चेंडूला वाटेत एकही ढेकूळ लागता कामा नये. पळणारा खेळाडू बेसपाशी पोटावर घसरत जातो, त्याची कातडी सोलवटू नये म्हणून पाणी. सगळ्यात शेवटी फक्की. बॅटरचा चौकोन आखायला लाकडी साचा ठेवतात आणि त्याच्या कडेने पांढरी रेघ ओढतात. ती रेघ पहिल्या बॅटरच्या पहिल्याच पावलाला पुसली जाते. तरी ती रोज नवी. सुरुवातीच्या दिवसांत रोज दोन सामने असतात, म्हणजे दुसऱ्या सामन्याआधी हे सगळं परत.

आणि जूनमधला इथला पाऊस सांगून येत नाही. पश्चिमेला आभाळ काळं झालं की हीच माणसं ताडपत्रीचा भला मोठा गुंडाळा ढकलत धावत सुटतात.

(पडद्यावर : वारा. ताडपत्री फुगते, दोघंतिघं तिच्यावर आडवी पडतात.)

ही स्पर्धा ओमाहाची नव्हती. पहिली दोन वर्षं, 1947 आणि 1948, ती मिशिगन राज्यातल्या कलामाझू गावी झाली. पहिल्या अंतिम लढतीत कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने येल युनिव्हर्सिटीला हरवलं. येलकडून पहिल्या बेसवर एक डावखुरा खेळाडू उभा होता, जॉर्ज बुश, थोरला. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. पुढच्या वर्षी येल पुन्हा अंतिम फेरीत आलं, पुन्हा हरलं. तिसऱ्या वर्षी स्पर्धा कॅन्ससमधल्या विचिटाला गेली. तीन वर्षांत दोन गावं, आणि स्पर्धेला घर नाही.

(पडद्यावर : काळी-पांढरी छायाचित्रं. टोपी घातलेला, हसणारा एक माणूस.)

हे जॉनी रोझेनब्लॅट. ओमाहातल्या ज्यू कुटुंबातले. बेसबॉलवेडे. 1927 साली बेब रूथ आणि लू गेरिग हे त्या काळचे सगळ्यात मोठे खेळाडू दौरा करत ओमाहाला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर प्रदर्शनी सामना खेळलेले. गावाला स्वतःचं स्टेडियम हवं म्हणून हा माणूस झटला, 1948 साली ते उभंही राहिलं. पण स्टेडियम उभं राहिलं म्हणजे खेळ येत नाही. तो बोलवावा लागतो. रोझेनब्लॅट आणि त्यांच्याबरोबर शहरातले काही व्यापारी, त्यात ब्रँडाइस या मोठ्या दुकानाचे एड पेटिस आणि जाहिरातीच्या धंद्यातले मॉरिस जेकब्स, यांनी घर नसलेली ही स्पर्धा ओमाहाला आणली. 1950 साली.

त्या वर्षी संपूर्ण स्पर्धेला मिळून प्रेक्षक आले 17,805. आज एका सामन्याला याहून जास्त येतात. तोटा झाला. पुढच्या वर्षीही झाला. सुरुवातीच्या बारा-पंधरा वर्षांत तोट्याचीच वर्षं जास्त. दुसऱ्या एखाद्या शहराने हात झटकले असते. इथल्या दुकानदारांनी तिकिटांचे गठ्ठे विकत घेतले, ओळखीपाळखीत खपवले, आणि पुढच्या जूनची तयारी सुरू केली. आज आपण जे बघतोय ते सगळं त्या तोट्यावर उभं आहे.

रोझेनब्लॅट 1954 मध्ये महापौर झाले. कंपवात जडला. 1961 साली त्यांनी पद सोडलं. 1964 साली स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं, ते हयात असताना. 1967 साली स्पर्धेचं काम बघायला शहरातल्या लोकांनी ना-नफा तत्त्वावर एक संस्था काढली, जॅक डीसिंग तिचे पहिले अध्यक्ष. पुढे त्यांचा मुलगा.

(पडद्यावर : पार्किंगमध्ये तंबू, मोठमोठी पातेली, वाफ. जांभळे-सोनेरी शर्ट.)

हे लोक लुईझियानाचे. हजारेक मैल गाडी हाकत आलेत. एलएसयू, म्हणजे लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, या स्पर्धेची आठ वेळा विजेती, आठवं विजेतेपद 2025 चं. त्यांच्याहून जास्त फक्त सदर्न कॅलिफोर्नियाची, बारा. पातेल्यात जांबालाया रटरटतोय. भात, सॉसेज, कोळंबी, आणि डोळ्यांत पाणी आणणारा मसाला. पलीकडच्या तंबूत विरोधी संघाचे लोक. त्यांनाही प्लेट दिली जाते. नाही म्हणालात तर वाईट वाटतं त्यांना. आम्ही नाही म्हणालो नाही.

इथवर यायचं कसं? पहिल्या श्रेणीत बेसबॉल खेळणारी कॉलेजं सुमारे तीनशे. त्यातली चौसष्ट निवडली जातात. सोळा गावांत चार-चार संघ. त्यातून सोळा उरतात, त्यांच्या तीन-तीन सामन्यांच्या जोड्या लागतात, आणि आठ संघ ओमाहाला पोचतात. इथं एक हार माफ आहे. दुसरी झाली की सामान बांधायचं. शेवटी दोन संघ, तीन सामने, दोन जिंकणारा विजेता.

आणि या आठांत ओमाहाचा संघ कधी असतो? क्रेटन ही ओमाहाची स्वतःची युनिव्हर्सिटी. इतक्या वर्षांत ती या स्पर्धेत एकदाच पोचली, 1991 साली. एक इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी, आणि सामना एरवी नऊ इनिंगचा. क्रेटन विचिटा स्टेटविरुद्ध बारा इनिंगपर्यंत झुंजली आणि 3-2 अशी हरली. तासाभराच्या अंतरावरच्या लिंकनची नेब्रास्का युनिव्हर्सिटी तीनदा आली. बस. बाकी सगळे उन्हाळे हे शहर दुसऱ्यांच्या पोरांसाठी टाळ्या वाजवत आलंय.

(पडद्यावर : स्वस्त तिकिटांच्या बाकांकडे जाणारी रांग. छत्र्या, घडीच्या खुर्च्या, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं.)

ही रांग बघा. मैदानाच्या मागच्या बाजूच्या बाकांना नंबर नाही, जो आधी येईल त्याची जागा. यातले कितीतरी जण ओमाहाचे. सकाळपासून ऊन खात उभे आहेत, ज्या कॉलेजचं नाव त्यांनी परवा पहिल्यांदा ऐकलं त्याच्यासाठी. अमुक संघ हरायला लागला की हे त्याच्या बाजूचे. दरवर्षी ते एक संघ आपला म्हणून निवडतात, बहुतेक वेळा सगळ्यात छोट्या गावाचा. शहरातल्या सेवाभावी क्लबांनी एकेक संघ वाटून घ्यायचा, त्यांना काय हवं नको ते बघायचं, ही इथली जुनी रीत. लग्नघरी वऱ्हाड उतरावं तशी ही पोरं इथं उतरतात.

(पडद्यावर : बाकांवर रंगीत फुगीर चेंडू हवेत उडतोय. सुरक्षारक्षक तो पकडतो. सगळं स्टँड त्याच्या नावाने ओरडतं.)

हा आवाज ऐका. टण्ण! कॉलेजमधली बॅट धातूची असते, 1974 पासून. व्यावसायिक बेसबॉलमध्ये लाकडी. धातूच्या बॅटने चेंडू फार लांब जायला लागला. 1998 चा अंतिम सामना 21-14 असा संपला. 2011 पासून बॅटचे नियम कडक केले, त्याच वर्षी नवं मोठं मैदान आलं, आणि उलटं झालं. 2013 साली संपूर्ण स्पर्धेत होमरन, म्हणजे थेट कुंपणापार गेलेले फटके, फक्त तीन. 2014 साली पुन्हा तीन. मग 2015 पासून चेंडूची शिवण चपटी केली, हवा कमी अडवावी म्हणून. शिवणीच्या उंचीतला एवढासा फरक, आणि चेंडू पुन्हा कुंपणापार जायला लागले.

(पडद्यावर : पुन्हा पार्किंगमधली होमप्लेट. संध्याकाळ.)

या प्लेटवर 8 जून 1996 रोजी, अंतिम सामन्यात, वॉरन मॉरिस उभा होता. एलएसयूचा. त्या मोसमात हाताचं हाड मोडून बरेच सामने तो बाहेर बसलेला. मोसमात एकही होमरन नाही. मायामी एका धावेने पुढे, शेवटची इनिंग, दोन बाद, तिसरा झाला की खेळ खलास. एलएसयूचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर. पहिलाच चेंडू. मॉरिसने तो उजव्या बाजूच्या कुंपणावरून जेमतेम पलीकडे घातला. 9-8. स्पर्धा संपली.

तो दोन्ही हात वर करून बेसमागून बेस पळत होता तेव्हा मायामीचे खेळाडू जिथल्या तिथं मातीत पडले. त्यांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा, अ‍ॅलेक्स कोरा पालथा पडून राहिला. बावीस वर्षांनी त्याने बॉस्टन रेड सॉक्सचा व्यवस्थापक म्हणून व्यावसायिक वर्ल्ड सिरीज जिंकली. मॉरिस धावत ज्या प्लेटवर आला, ती ही.

2010 च्या शेवटच्या सामन्यात साउथ कॅरोलायनाने अकराव्या इनिंगमध्ये यूसीएलएला, म्हणजे लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटीला, हरवलं, आणि रोझेनब्लॅटवरची ही स्पर्धा संपली. 131 दशलक्ष डॉलरचं नवं स्टेडियम झालं, स्पर्धा पंचवीस वर्षांसाठी ओमाहाला बांधून मिळाली. टेकडीवरच्या ज्या घरांतून लोक दर जूनमध्ये अंगणात गाड्या लावून चार पैसे कमवायचे, त्यांची ती कमाई गेली. खेळाडूंच्या पैशाचं गणितही बदललंय, कॉलेजं आता त्यांना थेट पैसे देऊ शकतात.

(पडद्यावर : अंतिम सामन्याची रात्र. शेवटचा झेल. ग्लोव्ह हवेत, पोरांचा एकमेकांवर ढीग. दुसऱ्या बाजूला कठड्यावर हनुवटी टेकलेले खेळाडू.)

(निवेदन नाही. चाळीस सेकंद.)

(पडद्यावर : दिवे अर्धे विझलेले. माळी.)

स्टँड रिकामे झालेत. ते आलेत. बेस उपटून काढतात, खालची माती झटकतात. एकजण माउंडवर वाकून तो खड्डा भरतोय. उद्या इथं सामना नाही. तरी धुमस घेऊनच आलाय.

(पडद्यावर : दुसऱ्या दिवशी सकाळी, टेकडीवरचं पार्किंग. एक आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलगी.)

आजोबा टाकतायत, नात मारतेय. चेंडू टप्पे खात डांबरावर गेला आणि एका पांढऱ्या गाडीखाली शिरला. ती पोटावर आडवी झाली, हात आत घातला. पोचत नाही. आजोबा दुसऱ्या बाजूने वाकलेत.