धुराचा हिशेब आभाळातून

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळच्या आसपास राहणाऱ्यांना दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या सांगायला नकोत. त्यांचा धूर थोडं अंतर गेला की विरून जातो, असं आपण धरून चालतो. खरं तर तो फक्त डोळ्यांना दिसेनासा होतो. दगडी कोळशातल्या गंधकाचा वायू होतो आणि हवेत त्याचे सल्फेटचे अतिबारीक कण तयार होतात. त्यात वीटभट्ट्या, डिझेलच्या गाड्या, चुली, कापूस वेचून झाल्यावर बांधावर पेटवलेली पऱ्हाटी, सगळ्यांची भर पडते. हवेत तरंगणाऱ्या अशा कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. माणसानं हवेत सोडलेल्या या कणांमुळे पृथ्वीचं हवामान किती बदललं, हे उपग्रहावरून कसं मोजतात, त्याबद्दल आज बोलणार आहे.

धूर सगळा एका जातीचा नसतो. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असली, की पऱ्हाटी पेटवून तिच्यावर वांगी भाजतात. काडी दमट असेल, नुसती धुमसत असेल, तर पांढुरका धूर निघतो. जाळ धरला की तो पांढरा धूर कमी होतो आणि वांग्यांवर, दगडांवर काळी काजळी बसते. पांढरा धूर ऊन उधळून लावतो, काजळी ते पिऊन टाकते. सबंध पृथ्वीवर हेच चालू आहे. सल्फेटसारखे कण सूर्यप्रकाश परत अवकाशात फेकतात, काजळी हवा तापवते आणि गोळाबेरीज गारव्याच्या बाजूला झुकते.

किती झुकते? संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रज्ञ समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं, 2021 साली याचा आकडा दिला. 1750 पासून 2019 पर्यंत माणसानं वाढवलेल्या एरोसोलमुळे दर चौरस मीटरमागे 1.1 वॅट ऊर्जा कमी झाली. एकट्या कार्बन डायऑक्साइडनं त्याच काळात 2.16 वॅट वाढवली. म्हणजे धुरानं कार्बनची जवळपास निम्मी तापवणूक झाकून ठेवली आहे. पण यातली मेख पुढे आहे. तो 1.1 आकडा 0.4 पासून 1.7 पर्यंत कुठेही असू शकतो, असं समितीच सांगते. कार्बनचा आकडा इतका हेलकावत नाही. धुराचा हिशेब एवढा कच्चा का, हे समजायचं तर मोजणी कशी होते ते पाहायला हवं.

टेरा हा नासाचा उपग्रह डिसेंबर 1999 मध्ये सोडला गेला. 705 किलोमीटर उंचीवरून तो वर्षानुवर्षं सकाळी साडेदहाच्या सुमाराला आपल्यावरून जात आला. त्याच्यावर मोडिस नावाचं उपकरण आहे. खालून परत येणारा प्रकाश ते 36 पट्ट्यांत मोजतं. आता अडचण अशी, की परत येणाऱ्या प्रकाशात जमिनीचाही वाटा असतो आणि धुराचाही. जमिनीचा वजा केल्याशिवाय धुराचा हाती लागत नाही. समुद्र गडद असतो, त्यावर हे सोपं जातं. रावेर-यावलच्या केळीबागांवरही निभावतं, कारण हिरवं रानही बऱ्यापैकी गडद दिसतं. पण मे महिन्यात पारोळा-अमळनेरकडची उजाड, भुरकट रानं घ्या. तिथे जमीनच इतकी उजळ, की धूर कुठला आणि माती कुठली हे कळेना. त्यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली ती निळ्या प्रकाशाची. उजाड जमीन, अगदी वाळवंटसुद्धा, निळ्या पट्ट्यात गडद दिसतं, म्हणून तिथे तोच पट्टा वापरायचा. मला ही युक्ती फार आवडते.

यातून जो आकडा निघतो, त्याला एरोसोलची प्रकाशीय जाडी म्हणतात. ती 0.1 असली आणि सूर्य डोक्यावर असला, तर दहातला नऊ हिस्से प्रकाश सरळ खाली पोचतो. ती 1 झाली, तर जेमतेम 37 टक्के सरळ पोचतो, उरलेला उधळला किंवा शोषला जातो. उपग्रहाचं मोजमाप खरं की खोटं, हे ताडायला जमिनीवर सूर्याकडे तोंड करून बसलेली यंत्रं असतात. कानपूरला 2001 पासून असं यंत्र आहे, आपल्या पुण्यातही आहे.

टेरावरच मिसर नावाचं दुसरं उपकरण आहे, नऊ कॅमेऱ्यांचं. एकच जागा ते सात मिनिटांत नऊ कोनांतून टिपतं आणि त्यावरून कणांच्या आकाराचा अंदाज येतो. 2006 साली कॅलिप्सो हा उपग्रह अवकाशात गेला. तो लेसरचा झोत खाली सोडून धुराचा थर किती उंचीवर आहे ते सांगायचा. ही उंची महत्त्वाची. काजळीचा थर गडद समुद्रावर असेल तर वेगळा परिणाम, पांढऱ्या ढगाच्या वर असेल तर तोच थर उष्णता वाढवतो. 2023 पर्यंत कॅलिप्सोनं काम केलं.

मग यातला माणसाचा धूर कुठला? जळण्यातून आलेले कण बारीक, बहुतेक एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा लहान. धूळ आणि समुद्राचं मीठ त्या मानानं भरड. धुळीचे कण वेडेवाकडे, त्यामुळे लेसरचा प्रकाश त्यांच्यावरून वेगळ्या तऱ्हेनं परततो. इथवर ठीक. पण सातपुड्यात आपोआप लागलेला वणवा आणि कुणी मुद्दाम पेटवलेलं रान, दोन्हींचे कण बारीकच! उपग्रह काडी ओढणाऱ्याचा हात पाहत नाही. तिथे संगणकाची प्रारूपं आणि इंधनाच्या नोंदी हाताशी घ्याव्या लागतात. शिवाय 1750 सालच्या हवेचा फोटो कुणाकडेच नाही.

तरीही सगळ्यात अवघड प्रकरण ढगांचं. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या तरी कणाभोवती धरतो. कण वाढले की तेवढ्याच पाण्याचे जास्त आणि बारीक थेंब होतात. खडीसाखर दळून पिठीसाखर केली की तीच साखर जास्त पांढरी दिसते, तसा हा ढग उजळतो आणि जास्त ऊन परत फेकतो. शॉन ट्वोमी या शास्त्रज्ञानं 1970 च्या दशकात हे मांडलं. पण ढग वाऱ्यानं, ओलाव्यानंही बदलतात. धूर नसता तर हाच ढग कसा असता, हे कसं सांगणार?

त्यासाठी आयते प्रयोग शोधावे लागतात. समुद्रावर जहाजांच्या धुरानं ढगांत पांढऱ्या रेघा उमटतात, त्या उपग्रहांना स्पष्ट दिसतात. 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आणली आणि त्या रेघा विरळ झाल्या. त्यानंतर 2023 आणि 2024 ही वर्षं विक्रमी उष्ण गेली. त्यात या स्वच्छ इंधनाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. त्याच 2020 मध्ये, टाळेबंदीत, एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर भारतावरची प्रकाशीय जाडी वीस वर्षांत नव्हती इतकी खाली आली.

आता भुसावळकर हमखास विचारतात तो प्रश्न. धुरानं गारवा येतो, मग आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या डोक्यावर निखारे का? एक तर हा गारवा सबंध पृथ्वीची सरासरी आहे आणि त्यातला मोठा वाटा ढगांमार्फत येतो. मे महिन्यात आपल्याकडे ढग कुठून आणणार? जमीन कोरडी, समुद्र लांब, वर काजळी हवा तापवणारी. दीपनगरनं भुसावळला सावली धरली, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आणि धूर गार करतो तर राहू द्या, हा युक्तिवाद मला पटत नाही. हे कण आठवड्याभरात पावसानं धुऊन निघतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. दरम्यान चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत काय जातं, ते प्रकाशीय जाडीत मोजलं जात नाही. पावसाचंही नुकसान आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे 1951 ते 2015 या काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला आणि त्यामागे एरोसोलचा हात असल्याचं तो अहवाल सुचवतो.

2024 मध्ये दोन नवे उपग्रह गेले: फेब्रुवारीत नासाचा पेस, मे महिन्यात युरोप आणि जपानचा अर्थकेअर. धूर आणि ढग यांचा संबंध अधिक नेमका मोजणं हे त्यांचं काम. तुम्हालाही पाहायचं असेल तर नासाचं वर्ल्डव्ह्यू हे संकेतस्थळ मोबाइलवर उघडा, फुकट आहे. जळगाव शोधा, एरोसोलचा थर चालू करा. ढगाखालचा धूर या कॅमेऱ्यांना दिसत नाही, तिथे नकाशा कोराच राहतो. तेव्हा श्रावणातली तारीख टाकून खान्देशची हवा शुद्ध आहे असं म्हणू नका. दिवाळीनंतरची टाका. नमस्कार.