९९९ रुपयांची पैठणी

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. करड्या प्लास्टिकचं पार्सल. शेजारी कात्री.)

हे पार्सल माझ्या आईचं. हातात घेतल्याबरोबरच वजनावरून कळलं होतं, असं ती आता म्हणते. त्या दिवशी मात्र तिनं दारातल्या मुलाला ९९९ रुपये मोजून दिले. फोडून बघू का, असं तिनं विचारलंही होतं. "मावशी, आधी पैसे. उघडून दाखवायचं आमच्याकडे नसतं." त्याचंही खरंच होतं, त्याला अजून चाळीस दारं गाठायची होती.

आत साडी निघाली. जाहिरातीत वांगी रंग होता, हातात आला तो जांभळा. पदरावर मोर होते, चार. उजेडात धरले तर बरेचसे पोपटासारखे.

गंमत पुढे आहे. आई कोपरगावला राहते. येवला तिथून एसटीनं तासाभराच्या आत. पैठणीच्या गावाला लागून राहणाऱ्या बाईनं पैठणी मागवली फोनवर, आणि पार्सलावरचा पिनकोड ३९५नं सुरू होणारा, म्हणजे सुरतेचा.

का, असं मी चिडून विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं. दुकानात गेलं की गादीवर बसायचं. चहा येतो. माणूस एकामागून एक दहा साड्या उलगडतो, आणि मग आपण किंमत ऐकून "जरा विचार करते" म्हणत उठायचं. ते तिला जमत नाही. फोनवर कितीही साड्या उलगडा, कुणी तोंडाकडे बघत नाही.

या उत्तरावर मला अजून काही बोलता आलेलं नाही.

(दृश्य : येवला. हातमाग. धोट्याचा आवाज, निवेदन थोडं थांबून.)

पैठणीचा पदर विणताना धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावत नाही. मोराच्या गळ्याच्या निळ्याची कांडी वेगळी, पिसाऱ्यातल्या हिरव्याची वेगळी, मधल्या जरीची आणखी वेगळी. एकेक रंग आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून पदर उलटला तरी मोर मोरच दिसतो. मागे लोंबणारा धागा नसतो.

असा साधा पदर काही आठवडे घेतो, भरगच्च असेल तर कित्येक महिने. रेशमाच्या सुताचा किलोचा भाव काही हजारांत आहे, आणि साडीला अर्ध्या किलोच्या आसपास तरी सूत लागतं. विणणाऱ्याची मजुरी बाजूलाच ठेवा, ९९९ रुपयांत ताणा, म्हणजे नुसते उभे धागेसुद्धा बसत नाहीत.

जेकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलून देणाऱ्या यंत्रणेवर, विणलं की रंगाचा धागा, नक्षी नसेल तिथून, पाठीमागे तरंगत जातो. मग तो कापतात किंवा तसाच सोडतात. हातमागालाही जेकार्ड लावतात, तीही हातमागाचीच साडी. यंत्रमागाची 'सेमी पैठणी' तर उघडपणे, त्याच नावानं विकली जाते. लग्नाकार्यात ती ऐटीत मिरवतेही. त्यात खोटं काही नाही. सुरतेच्या साडीवरही माझा राग नाही, अर्ध्या महाराष्ट्राची रोजची साडी तिथूनच येते. राग आहे तो नावावर.

(दृश्य : फोनचा पडदा. बोट वर सरकत जातं.)

ही नावं वाचा. 'प्युअर आर्ट सिल्क'. आईला वाटलं, आर्ट म्हणजे कला, म्हणजे कलाकुसरीचं रेशीम. यातला आर्ट म्हणजे आर्टिफिशियल. 'लिची सिल्क'. हे रेशीम कुठल्याही किड्यानं आजवर काढलेलं नाही. आणि फोटो? खऱ्या पैठणीचा, कुठून तरी उचललेला. मॉडेलच्या अंगातलं शिवलेलं ब्लाउज किमतीत नाही, हे सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात.

रंगाचं तर प्रामाणिक विक्रेत्यांनाही जमत नाही. पैठणीत उभा ताणा एका रंगाचा, आडवा बाणा दुसऱ्या. नेसून चाललं की धूपछाव खेळते. कॅमेरा त्यातला एकच क्षण धरतो, आणि प्रत्येक फोन तो आपल्या मर्जीनं रंगवतो.

वर घड्याळ. 'फक्त ९ मिनिटं शिल्लक'. मी पान बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा ९ मिनिटं. खोटी घाई लावणं हे केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे. घड्याळाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

(दृश्य : व्हॉट्सॲपवरचा संवाद. नंबर धूसर केलेला.)

साडी परत करायची म्हटल्यावर उत्तर आलं : पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ पाठवा. नाही? मग परतावा नाही. बदलून मिळेल, पण कुरिअरचा खर्च तुमचा. तिसऱ्या दिवशी नुसती निळी बरोबरची खूण. मग तीही नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. मोठ्या, नाव-पत्ता असलेल्या ॲपवर याचा उपयोग होतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मीही फोन केला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपनीचं नाव?"

नाव नव्हतं. जाहिरातीतलं एक पान होतं, आणि ते आता उघडत नव्हतं.

(दृश्य : येवल्यातलं विणकराचं घर. आई जमिनीवर बसलेली, मांडीवर पदर.)

शेवटी मीच तिला येवल्याला घेऊन गेले. तिनं पदर हातात घेतला आणि कुणी न सांगता उलटा केला. पाठीवरून बोट फिरवलं, बराच वेळ. किंमत विचारली. ऐकली. पदर नीट घडी घालून परत दिला. चहा मात्र प्यायली.

परतीच्या एसटीत तिच्या फोनवर तोच फोटो आला. तीच मॉडेल, तेच चार मोर, पानाचं नाव नवीन. किंमत ७९९.

"बघ," आई म्हणाली, "दोनशेनं उतरली."