गंधकातून बर्फात : युनिव्हर्सलचे न मरणारे

हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या फ्रँकेन्स्टाइन भयपट मालिकेला विस्कळीत म्हणण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला मॉन्स्टर कुठे गाडला गेला, याचा हिशेब तिथे चोख आहे. १९३१ मध्ये तो जळत्या पवनचक्कीत अडकतो. १९३५ मध्ये कळतं, की चक्कीच्या तळघरात पाणी होतं म्हणून वाचला. १९३९ मध्ये उकळत्या गंधकात पडतो, १९४२ मध्ये थिजलेल्या गंधकातूनच बाहेर येतो. १९४३ मध्ये बर्फात सापडतो, शेवटी धरण फुटून वाहून जातो आणि १९४४ मध्ये पुन्हा बर्फातच. तिथे दलदलीत बुडतो. १९४५ मध्ये चिखलातून निघतो तेव्हा त्याच्याबरोबर बुडालेल्या डॉ. नीमान या वेड्या शास्त्रज्ञाचा सांगाडाही शेजारी असतो.

ही काळजी प्रामाणिकपणापोटी घेतलेली नाही. मॉन्स्टर सापडण्याचा प्रसंग हेच चित्रपटाचं पहिलं आकर्षण, म्हणून त्यावर सेट आणि वेळ खर्च होतो. जो खुलासा फक्त संवादात असतो, तो मात्र कात्रीखाली जातो.

याचा सर्वांत मोठा बळी १९४३ चा ‘फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन’. आधीच्या चित्रपटाच्या शेवटी मॉन्स्टरच्या डोक्यात त्याचा साथीदार इगोर याचा मेंदू बसवलेला असतो. रक्तगट जुळत नाही, म्हणून तो आंधळा होतो. इगोर झाला होता अभिनेता बेला लुगोसी, तेव्हा पुढचा मॉन्स्टरही लुगोसीच, तोही बोलणारा, हे तर्काला धरून होतं. चित्रीकरण तसंच झालं. पण खासगी खेळात त्याच्या हंगेरियन उच्चारांवर हशा पिकला, असं पटकथाकार कर्ट सिऑडमॅकने सांगून ठेवलं आहे. मग मॉन्स्टरचे सगळे संवाद काढले आणि त्यांच्याबरोबर आंधळेपणाचा उल्लेखही गेला. उरलं काय? हात पुढे करून चाचपडत चालणारा मॉन्स्टर, कारण न सांगता. लुगोसीच्या अभिनयाला लोक हसले, तो अन्यायच होता. शेवटाकडे ताकद परत आल्यावर तो ओठ वाकवून हसतो. ते हसू दृष्टी परत आल्याचं आहे, हे माहीत असेल तरच त्याला अर्थ आहे.

बाकीच्या पात्रांच्या मरण्या-जगण्याचा हिशेब कुणी एवढाही ठेवला नाही. १९३९ मध्ये गोळ्या खाऊन पडलेला इगोर १९४२ मध्ये हजर. ड्रॅक्युलाचं प्रेत १९३६ मध्ये त्याची मुलगी जाळते, तरी १९४४ मध्ये त्याचा छातीतल्या खुंटीसकट सांगाडा जत्रेच्या गाडीतून फिरतो. त्याच चित्रपटात तो उन्हात विरतो, टॅलबॉट म्हणजे लांडगा होणारा वुल्फ मॅन चांदीच्या गोळीने मरतो. १९४५ मध्ये दोघेही उपचारांसाठी डॉ. एडेलमनच्या दारात, जणू काही झालंच नाही. टॅलबॉट तिथे बरासुद्धा होतो. १९४८ मध्ये पुन्हा लांडगा!

ममी मालिकेत तर कॅलेंडरच हरवतं. ‘द ममीज हँड’ १९४० चा. पुढचा भाग तीस वर्षांनंतर घडतो, म्हणजे १९७० च्या सुमारास. पण कपडे, मोटारी सगळं १९४२ चं. १९४४ मध्ये दोन भाग आले. पहिल्यात खारिस नावाची ही ममी मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीत बुडते, दुसऱ्यात पंचवीस वर्षांनी लुईझियानाच्या दलदलीतून वर येते. दोन्ही राज्यांत अंतर हजार मैलांहून जास्त आणि हिशेबाने साल १९९५ च्या आसपासचं. पटकथेत दोन्हींबद्दल अवाक्षर नाही.