मायलोची भाकरी

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीनं मला विषय दिलाय, 'अडचणीच्या दिवसांतली काटकसर, कला आणि अध्यात्म'. जेवणाआधी एवढं जड कोणाला झेपेल, म्हणून मी सरळ बाहत्तरच्या दुष्काळाकडे जाते. तो मी लहानपणी पाहिलाय, आणि त्याचा आपल्या या कॅन्ससशी संबंधही आहे.

आत्ता हायवेच्या दोन्ही अंगांना बुटक्या ताटांवर तांबूस कणसं दिसतात ना, तो मायलो. इथे तो मुख्यतः जनावरांना घालतात. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतून जहाजानं आलेला मायलो रेशनच्या दुकानातून आमच्या माण तालुक्यात पोचला. 'लाल ज्वारी' म्हणायचे त्याला. शाळूच्या पिठाला विरी असते, थापली की भाकरी हाताखाली पसरत जाते. मायलोला विरीच नाही. परातीतच कडा फाटायच्या, तव्यावर पडेपर्यंत दोन तुकडे. मग आजी पिठात आधणाचं पाणी ओतायची, झाकून ठेवायची आणि हाताला सोसेल तेव्हा रगडून मळायची. भाकरी धड उतरायची. चव मात्र कशानंच सुधारली नाही. त्या वर्षी एकादशी कुठली आणि साधा दिवस कुठला, हे पंचांगात बघूनच कळायचं.

आई खडी फोडायला जायची. कुठे नालाबांध, कुठे पाझर तलाव, कुठे रस्ता. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. दुष्काळानं माणसं घडवली, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. भुकेनं कोणी घडत नाही. तगलो ते हाताला काम होतं म्हणून. आणि ते काम पुढे हक्काचं झालं. तुमच्यापैकी जे मुंबई-पुण्यात नोकरी करून आलेत, त्यांच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचे महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले असायचे, आठवतंय? तो कर १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठीच लावला गेला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली होती, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या खडी फोडणारीला हात दिला, बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता अध्यात्म. आजीला पूजेला बसायला वेळ नव्हता. पहाटे ती जात्यावर बसायची आणि पहिली ओवी जात्यालाच, 'जात्या ईस्वरा, नको मला जड जाऊ'. मग पंढरपूर सुरू. विठोबा तिचा भाऊच. भावाला विचारावं तसं ती त्याला विचारायची, पाऊस कुठे ठेवलास, आमची आठवण आहे का. नवऱ्याला, सासूला कधी न बोललेलं सगळं त्या घरघरीत निघून जायचं. अशा एक लाखाहून अधिक ओव्या अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून गोळा केल्यात. त्या ऐका. रचणाऱ्या बहुतेक जणींना अक्षरओळख नव्हती, पण एकेकीची ओवी अशी बांधेसूद की आपल्या कविसंमेलनातल्या निम्म्या कविता (माझीही त्यातच) मागे पडाव्यात.

दुपारी वाकळ, म्हणजे जुन्या कापडाची गोधडी. फाटलेली लुगडी, धोतरं आत, त्यातल्या त्यात बरं लुगडं वर, दोऱ्याची रीळ तेवढी विकतची. चार कडांना चौघी बसायच्या, धावदोरा कडेकडेनं आत सरकत जायचा आणि कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे टाके घालता घालता कळायचं. ते कळलं की संध्याकाळी तिथे मूठभर पीठ पोचायचं. कोणी कोणाचे आभार मानलेले मला आठवत नाहीत.

इथे अडचण वेगळी आहे. तिथे दुष्काळ सगळ्या गावाचा एकच होता. इथे लेऑफ एकेकट्याचा असतो. एच-१बी व्हिसावर असाल तर नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त साठ दिवस, आणि त्यातही माणसं शेजाऱ्याला कळू देत नाहीत. गॅरेजचं दार बंद, गणपतीला मात्र नवा कुर्ता घालून हजर. गेल्या वर्षी आपल्यातलंच एक कुटुंब परत गेलं, ते गेल्यावर आपल्याला कळलं. काटकसर आपल्याला शिकवावी लागत नाही, कुपनं कापण्यात आपण पटाईत आहोत. सांगणं जमत नाही.

म्हणून कार्यकारिणीला मी दोन गोष्टी मागितल्या आणि त्यांनी मान्य केल्या. ज्याची नोकरी गेली असेल त्याला वर्षभर वर्गणी आणि कार्यक्रमाचं तिकीट नाही, कारण विचारायचं नाही, यादी लावायची नाही. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी मागच्या हॉलमध्ये वाकळ. पुरुषांनीही यायचं, आमच्या गावातले शिंपी सगळे पुरुषच होते. जुन्या सुती साड्या धुऊन आणा, सिल्क नको, सुई अडते. जाड सुया आणि दोरा मी आणते. ओव्या येत नसतील तर नाट्यगीतं चालतील.