विषुववृत्तावर वादळाला फिरकी कुठून मिळते?

जगातल्या चक्रीवादळांचे जन्मबिंदू नकाशावर मांडले, की विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच अंशांपर्यंत जवळजवळ कोरा पट्टा दिसतो. समुद्र इथे पुरेसा तापलेला असतो. वादळाला लागणाऱ्या साडेसव्वीस अंश सेल्सिअसपेक्षा बहुतेक वेळा जास्तच. अडतं ते फिरकीपाशी. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला मिळणारं वळण विषुववृत्तावर शून्य होतं. मग कमी दाबाकडे धावणारी हवा गोल फिरत नाही, सरळ आत शिरते आणि तो खळगा भरून टाकते.

मग एप्रिल 2019 मध्ये 'फनी' चक्रीवादळाची सुरुवात विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंशांच्या आसपास कशी झाली?

अशी फिरकी वातावरणातल्या लहरींकडून उसनी मिळू शकते. केल्विन लहर ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. तिच्या मागोमाग खालच्या थरात पश्चिमेकडून येणारे वारे जोर धरतात, आणि त्यांचा जोर नेमका विषुववृत्तावर सर्वाधिक असतो. नदी आठवा: मध्यात धार वेगवान, काठाशी पाणी संथ. त्या धारेच्या डाव्या बाजूला काडी टाकली तर ती घड्याळाच्या उलट फिरेल, उजवीकडची घड्याळाच्या दिशेने. पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याची डावी बाजू म्हणजे उत्तर, उजवी म्हणजे दक्षिण. उत्तर आणि दक्षिण गोलार्धातली चक्रीवादळं अगदी याच दिशांनी फिरतात!

रॉस्बी लहर उलट, पश्चिमेकडे, ताशी 18 किलोमीटरच्या आसपास जाते आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना भोवऱ्यांची जोडीच घेऊन चालते. मे 2022 मध्ये हिंदी महासागरात उत्तरेला 'असनी' आणि दक्षिणेला 'करीम' एकाच वेळी दिसली, ती अशीच जुळी मांडणी. या सगळ्यावर 30 ते 60 दिवसांच्या मॅडेन-ज्युलियन आंदोलनाचा (विषुववृत्ताजवळ पूर्वेकडे सरकणाऱ्या, आळीपाळीने ओल्या आणि कोरड्या हवामानाच्या मोठ्या चक्राचा) ओला टप्पा आला, तर ढगांना आणखी बळ मिळतं.

पण श्रेय नेहमी लहरींनाच देता येत नाही. डिसेंबर 2001 मध्ये सिंगापूरजवळ, सुमारे दीड अंशावर, 'वामेई' उठलं ते मुख्यतः थंड ईशान्य वाऱ्यांचा लोट आणि बोर्निओजवळचा भोवरा एकत्र आल्यामुळे. शिवाय वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत मोठी तफावत असेल, किंवा मधल्या थरात कोरडी हवा घुसली, तर लहर कितीही जोरदार असो, ढगांचा समूह विस्कटतोच.

अंदाज बांधताना खरी पंचाईत वेगळीच. उपग्रहाने मोजलेल्या उष्णता-उत्सर्जनातून लहरी त्यांच्या लांबीनुसार, कालावधीनुसार आणि दिशेनुसार गाळून काढतात. या गाळणीला पुढचे दिवसही हवे असतात, आणि आज तर नोंद संपलेली असते. त्यामुळे नेमकी ताजी लहर फिकी दिसते. त्यात पश्चिमेकडे सरकणारं जोरदार वादळ स्वतःच रॉस्बी लहरीसारखा ठसा उमटवतं. म्हणून वादळाचा भोवरा आधी वाऱ्याच्या नोंदीतून वजा करावा लागतो. तो तसाच राहिला, तर वादळाचा परिणामच त्याचं कारण म्हणून मोजला जातो.