युद्धपटातला कॅमेरा कुठे उभा असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

युद्धपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक स्फोटांविषयी बोलतो, मेलेल्या माणसांविषयी बोलतो, फार तर पार्श्वसंगीताची आठवण काढतो. कॅमेऱ्याचा विषय सहसा निघत नाही. तरीही समोरच्या लढाईने आपल्याला धडकी भरावी, दया यावी की नुसताच अभिमान वाटावा, हे पुष्कळ अंशी कॅमेरा कुठे उभा आहे आणि त्याला रणांगणाची किती माहिती आहे यावर अवलंबून असते. उंचावरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला सगळेच ठाऊक असते: सैन्य कोणत्या बाजूने येते आहे, कोण कोणाला घेरणार आहे. तिथे आपण नकाशा वाचणाऱ्या सेनापतीच्या जागी असतो आणि सेनापतीला, निदान त्या क्षणी, भीती वाटत नाही.

कॅमेरा जमिनीवर आणला म्हणजे मात्र प्रेक्षकाला आपोआप सैनिकाची बाजू मिळते, असेही नाही. लुईस माइलस्टोन यांच्या 1930 सालच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये फ्रेंच सैनिक जर्मन खंदकांवर चालून येतात, तेव्हा मशीनगन आडवी फिरत जाते आणि कॅमेराही जणू तिच्याच चालीने आडवा सरकतो. धावणारी माणसे ओळीने कोसळतात. एखादा चेहरा ओळखू यावा इतका वेळ कॅमेरा कोणापाशीही थांबत नाही, कारण मशीनगनही थांबत नसते. या दृश्यात किळसवाणे असे फारसे काही दाखवलेले नाही. अंगावर काटा येतो तो त्या सरकण्यातल्या निर्विकारपणामुळे, आणि आपण चापामागे बसलो आहोत हे उशिरा लक्षात आल्यामुळे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण बहुतेकांनी पाहिलेले असेल. 6 जून 1944 रोजी दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्यातील ओमाहा किनाऱ्यावरची लढाई स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी 1998 सालच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’साठी आयर्लंडमधल्या वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर चित्रित केली. छायालेखक यानुश कामिन्स्की यांनी कॅमेरा बव्हंशी हातात धरून, वाकून पळणाऱ्या माणसाच्या उंचीवर ठेवला. खरी करामत मात्र शटरची होती आणि ती जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात एक तबकडी फिरत असते, तेच हे शटर. नेहमीच्या चित्रणात तिचा अर्धा भाग, म्हणजे 180 अंश, उघडा असतो. सेकंदाला 24 चौकटी या वेगाने प्रत्येक चौकटीवर सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग प्रकाश पडतो. तेवढ्या वेळात हलणारी वस्तू किंचित पुसट उमटते आणि त्या पुसटपणामुळेच पडद्यावरची हालचाल आपल्याला सलग, गुळगुळीत भासते. कामिन्स्कींनी ही उघडझाप 90 आणि काही ठिकाणी 45 अंशांवर आणली. 45 अंशांवर प्रकाश पडण्याचा काळ सेकंदाच्या 192 व्या भागाइतका उरतो, प्रत्येक चौकट लख्ख उमटते, आणि स्फोटाने उडालेल्या वाळूचे कण सुटे सुटे दिसू लागतात. हालचालीला तुटक, झटके दिल्यासारखी लय येते. प्रेक्षकाला यातले काहीच कळत नाही; डोळ्यांना मात्र काहीतरी बिनसल्याचे जाणवत राहते. याच्या जोडीला भिंगांवरचा संरक्षक लेपही काढून टाकला होता, त्यामुळे उजेड पसरतो आणि चित्राला जुन्या काळातल्या भिंगांचा पोत येतो.

भिंगावर पाण्याचे आणि रक्ताचे थेंब उडतात, हेही याच दृश्यातले. खरे तर त्यामुळे कॅमेरा तिथे आहे हे उघड होते आणि भास मोडायला हवा. तो मोडत नाही, कारण युद्धवार्तापट पाहून पाहून मळलेले भिंग म्हणजे खरेपणाची खूण, हे आपण केव्हाच मान्य करून टाकले आहे. पुढे अनेकांनी यातला नुसता हलता कॅमेरा तेवढा उचलला. पण कोण कुठे आहे हेच कळेनासे झाले की भीती उरत नाही, डोकेदुखी उरते; ओमाहाच्या दृश्यात समुद्र मागे आणि गोळ्या समोरून, ही दिशा प्रेक्षक सहसा विसरत नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक मिखाइल कलातोझोव्ह यांच्या 1957 सालच्या ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’मध्ये छायालेखक सर्गेई उरुसेव्स्की यांनी तिसरी वाट धरली. युद्धाच्या काळात ते स्वतः आघाडीवर कॅमेरामन होते, म्हणून खरे तर वार्तापटाची शैली त्यांच्या हातची होती. चित्रपटातल्या बोरिस या तरुण सैनिकाला गोळी लागते तेव्हा मात्र ते कॅमेरा आभाळाकडे वळवतात. बर्चच्या झाडांचे शेंडे गरगर फिरू लागतात आणि त्यांवर त्याने कधी न अनुभवलेल्या स्वतःच्या लग्नाची दृश्ये उमटतात. इथे कॅमेऱ्याला रणांगणाची काहीच माहिती नाही. त्याला ठाऊक आहे ते फक्त एका माणसाचे राहून गेलेले आयुष्य, आणि माझ्या मते युद्धपटातल्या कोणत्याही मोठ्या स्फोटापेक्षा ही काही सेकंदांची चित्रे अधिक पिळवटतात.

आता पुन्हा ओमाहाकडे. किनाऱ्यावरून गोळ्या झाडणारे जर्मन सैनिक कॅमेऱ्याला बहुतेक पाठमोरे दिसतात, त्यांना चेहरा नसतो, म्हणून आपल्या भीतीत त्यांच्याविषयीचा विचार शिरत नाही. टेकडी ताब्यात आल्यावर दोन सैनिक हात वर करून विनवण्या करू लागतात आणि तोच कॅमेरा आता त्यांचे चेहरे दाखवण्याइतका जवळ जातो. ते चेक भाषेत बोलत आहेत, जर्मन सैन्याच्या गणवेशातले परके. पण पडद्यावर त्यांच्या बोलण्याचा अनुवाद येत नाही. अमेरिकन सैनिक त्यांना गोळ्या घालतात आणि त्यावर विनोद करतात. इतका वेळ ज्यांच्याबरोबर आपण वाळूत सरपटत आलो, त्यांच्याकडे पाहायला आपल्याला आता अवघड जाते.